पांझरेचे पाणी फडात कसे पोहोचते

समुद्रकाठच्या आणि मोठ्या नद्यांच्या शहरांत जलमार्गांची संग्रहालये असतात. तिथे जुन्या होड्या, नांगर, नकाशे आणि बंदराच्या चोपड्या जपलेल्या असतात. धुळे-जळगावचा माणूस असे संग्रहालय पाहून परतला की त्याला वाटते, आपल्याकडे यातले काहीच नाही. तापी मुलताईपासून समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर वाहते, पण तिच्यातून गलबते चालली ती फक्त सुरतेच्या बाजूच्या शेवटच्या टप्प्यात. वर खानदेशात पात्र खोल आणि खडकाळ, पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात पाणी इतके कमी की पायी उतरून जावे. सुरतेच्या बंदरावर जाणारा इथला माल बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून गेला. नदीत नाव दिसली तर ती अलीकडच्या तीरावरून पलीकडे नेणारी.

जलमार्ग मात्र इथेही होते आणि आहेत. ते माल नेण्यासाठी नव्हते, पिकापर्यंत पाणी नेण्यासाठी खणलेले होते. पांझरा नदीवर बंधारे घालून गावोगाव काढलेले पाट आणि त्यांवर चालणारी फड पद्धत हा माझ्या मते धुळे जिल्ह्याचा सर्वांत मोठा जलवारसा आहे. ही व्यवस्था किमान तीनशे वर्षे जुनी मानली जाते. लोकांच्या बोलण्यात ती त्याहून मागे, थाळनेर आणि बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांपर्यंत जाते. नाशिक जिल्ह्यात बागलाणच्या मोसम आणि आरम नद्यांवरही हीच रीत आहे.

धुळ्यात वस्तू जपण्याची परंपरा जुनी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. मंडळाच्या संग्रहात मूर्ती, ताम्रपट, नाणी, जुने कागद आहेत. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. पाट मात्र असा उचलून आणून ठेवता येत नाही. त्यात दगडचुन्याचा भाग निम्माच असतो. उरलेला निम्मा म्हणजे पाणी कोणाला, कधी आणि किती द्यायचे याचा गावाने पाळलेला क्रम. तो समजला नाही तर बंधाऱ्यापाशी उभे राहूनही माणसाला भिंत दिसते, तिच्यामागची व्यवस्था दिसत नाही. म्हणून पाण्याबरोबरच खाली उतरत जाऊ.

पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते. साक्रीजवळ तिला कान नदी मिळते. पुढे ती पूर्वेकडे धुळे शहरात येते आणि मग उत्तरेला वळून मुडावदजवळ तापीला मिळते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून निघाल्यामुळे तिच्या वरच्या अंगाला पात्राचा उतार चांगला आहे, आणि सगळ्या रचनेचे गमक याच उतारात आहे. सपाट मैदानातल्या नदीतून काठावरच्या शेतात पाणी न्यायचे तर उंच धरण बांधून पातळी वर चढवावी लागते, नाहीतर पाट खूप लांबवर न्यावा लागतो. नदीला उतार असेल तर थोडक्यात काम होते. पात्रात ठेंगणा बंधारा घालायचा, त्याच्या वरच्या बाजूने काठातून पाट काढायचा आणि तो नदीपेक्षा कमी उताराने न्यायचा. नदी भराभर खाली जाते, पाट सावकाश उतरतो. थोड्या अंतरावर दोघांच्या पातळीत इतका फरक पडतो की नदी खाली राहते, पाट शेतांच्या डोक्यावरून जाऊ लागतो, आणि पाट व नदी यांच्यामधली सगळी जमीन आपोआप भिजण्याजोगी होते. या कामाला मोट लागत नाही, बैल लागत नाहीत, वीजही लागत नाही.

बंधाऱ्याची जागा निवडण्यातच अर्धे शहाणपण होते. जिथे पात्रात खडक उघडा पडला आहे तिथे पाया मिळतो आणि पुराने बंधाऱ्याच्या बुडाशी खड्डा पडत नाही. बांधकाम दगडचुन्याचे. उंची मुद्दाम कमी ठेवलेली, कारण हा बंधारा पाणी साठवण्यासाठी नाही, वळवण्यासाठी आहे. पावसाळ्यात पूर त्याच्या माथ्यावरून निघून जातो. धरणामागे जसा गाळ वर्षानुवर्षे साचत राहतो तसा इथे साचत नाही, बराचसा पुराबरोबर पुढे जातो. उरलेला गाळ आणि पाटात वाढलेले गवत हंगामाआधी काढायचे, आणि त्या कामाला लाभधारकांनी स्वतः हजर राहायचे किंवा माणूस पाठवायचा, असा दंडक. ही वार्षिक साफसफाई म्हणजेच सबंध यंत्रणेची दुरुस्ती.

असे बंधारे नदीवर एकामागून एक आहेत. वरच्या बंधाऱ्याने पाणी वळवले म्हणून खालचा कोरडा पडत नाही. शेतांत मुरलेले पाणी हळूहळू झिरपून पुन्हा नदीत येते आणि पुढच्या बंधाऱ्याच्या वाट्याला जाते. पात्रात दिसणारा प्रवाह आणि शेताखालून परत येणारा प्रवाह, दोन्ही मिळून या नदीचा हिशेब होतो. जुन्या गावकऱ्यांनी हे कुठे लिहून ठेवले असो वा नसो, बंधाऱ्यांची रांग पाहिली की ते त्यांना कळत होते याबद्दल शंका राहत नाही.

आता पाटावर येऊ. मुख्य पाट किंवा कालवा २ ते १२ किलोमीटर लांबीचा असतो. त्याची वहनक्षमता साधारण सेकंदाला ४५० लिटरच्या आसपास धरली जाते. मुख्य पाटातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग निघतात आणि सारंगातून पाणी वाफ्यात जाते. पाटाच्या वाटेत जागोजागी सांडम असतात. सांडम म्हणजे जादा पाण्याची सुटका. अवकाळी पाऊस आला, किंवा रात्री शेतातली दारे बंद झाली आणि पाटात पाणी तुंबले, तर ते काठ फोडण्याआधी सांडमातून नदीकडे परत जाते. बाहेरून पाहणाऱ्याचे लक्ष बंधाऱ्यावर खिळते, पण एवढी वर्षे मातीचे पाट टिकले त्याचे श्रेय मी सांडमाला देईन. पाणी आणण्याइतकाच विचार ते सोडून देण्याचा केलेला आहे.

पाटाखालच्या कायम बागायतीचे बहुधा चार भाग केलेले असतात. हेच फड. एक फड १० हेक्टरचा असू शकतो आणि २०० हेक्टरचाही. सरासरी १०० ते १२५ हेक्टर. इथे थोडे आकडे मांडून पाहिले तर फडाचे माप असे का, ते लक्षात येते. सेकंदाला ४५० लिटर म्हणजे दिवसरात्र मिळून सुमारे ३९ हजार घनमीटर पाणी. एक हेक्टर जमिनीवर १० सेंटिमीटर पाणी उभे करायला १,००० घनमीटर लागतात. वाटेत निम्मे पाणी मुरले असे धरले तरी दिवसाला १९-२० हेक्टर भिजतात. म्हणजे १०० हेक्टरचा फड पाचेक दिवसांत पुरा होतो आणि चारही फड तीन आठवड्यांत. काळ्या जमिनीतल्या रब्बीच्या पिकाला पाण्याची पाळी इतक्या अंतराने आली तर चालते. उन्हाळ्याकडे नदी आटू लागली की पाळी लांबते. तेव्हा चार फड भिजवण्याचा हट्ट सोडून एक-दोनच भिजवायचे. हा हिशेब माझा आहे आणि ढोबळ आहे, पण पाटाचे तोंड आणि फडाचा आकार एकमेकांना धरून आहेत एवढे त्यावरून दिसते.

फडाचा मुख्य नियम एकच: एका फडात एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचे आणि कोणता पडीक ठेवायचा, हे हंगामाच्या सुरुवातीला गाव बसून ठरवते. एखाद्या किंवा दोन फडांत ऊस, बाकीच्यांत गहू, हरभरा अशी हंगामी पिके, आणि दरवर्षी पिकांची जागा पुढे सरकते. स्वतःच्या शेतात काय पेरायचे हे गावाने सांगावे, हे आजच्या शेतकऱ्याला जाचक वाटेल. पण त्यामागची कारणे पाहण्यासारखी आहेत. उसाला वारंवार पाणी लागते, हरभऱ्याला ते सोसत नाही. दोन्ही बांधाला बांध लावून असतील तर उसाचे पाझरलेले पाणी हरभऱ्याचे मूळ कुजवते. एक पीक असले की सगळ्या फडाची पाण्याची गरज एकाच दिवशी येते, आणि पाणी सोडणाऱ्याला या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जाता येते. मधली शेते वगळत, दारे उघडत-मिटत फिरण्यात जे पाणी आणि जो वेळ वाया जातो तो वाचतो. पीक एकाच वेळी तयार होत असल्याने राखण सोपी. काढणी एकदम आटोपते, आणि मग मोकळ्या फडात गुरे सोडता येतात. शिवाय उसाखालची जमीन सतत ओली राहून खारवते, ती पीक पुढे सरकल्यामुळे सावरते. आज कालव्यांच्या लाभक्षेत्रांत हजारो एकर जमीन पाणथळ आणि खारपड झालेली आपण पाहतो. फडातली पाळीपाळीने मिळणारी विश्रांती हा त्यावरचा उपाय होता.

मग प्रश्न येतो, उसाच्या फडात ज्याची जमीन आहे तो तरला आणि पडीक फडातला बुडाला का? याचे उत्तर जमिनीच्या वाटणीत आहे. या पद्धतीत एकाच कुटुंबाची जमीन एकाच जागी असण्याऐवजी वेगवेगळ्या फडांत थोडीथोडी असते. त्यामुळे उसाचे उत्पन्न, हंगामी पिकाचे धान्य आणि पडीक राहिल्याचा तोटा, तिन्ही जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येतात. एखाद्या वर्षी पाणी कमी आले तर पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी एकटा मरत नाही. सगळ्यांचाच एखादा फड कोरडा राहतो आणि सगळ्यांचाच एखादा भिजतो. दुष्काळाची वाटणी इतक्या नेटकेपणाने करणारी दुसरी व्यवस्था मला महाराष्ट्रात ठाऊक नाही. जमिनीचे तुकडे होणे एरवी शेतीचे दुखणे मानले जाते. इथे तेच तुकडे विम्याचे काम करत होते.

हे चालवणारी माणसे ठरलेली. लाभधारकांमधून निवडलेले पंच वरच्या निर्णयांचे धनी: फड ठरवणे, दुरुस्तीचा खर्च वाटणे, तंटे मिटवणे, दंड करणे. त्यांच्या हाताखाली पाटकरी. बंधाऱ्यापासून चारीपर्यंत पाणी आणणे, पाट फुटला तर धावणे, कोणत्या फडाची पाळी सुरू आहे ते पाहणे हे त्याचे काम. बारेकरी प्रत्यक्ष वाफ्यांत पाणी सोडतात. इथली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की शेतकरी आपल्या शेतात स्वतः पाणी घेत नाही. पाणी देणारा माणूस सगळ्या फडाचा असतो आणि तो क्रमाने पुढे जातो. त्यामुळे बांधावरची बहुतेक भांडणे जन्मालाच येत नाहीत. जागल्या पिकाची राखण करतो. गुरे शिरली तर ती धरतो. काही गावांत देखरेखीला हवालदार असे. या सगळ्यांना पूर्वी मेहनताना धान्यात मिळे, पुढे तो रोखीत आला. पीक चांगले आले तर पाटकऱ्याच्या घरीही जास्त धान्य येणार, हे त्यातले साधे गणित होते.

इंग्रज अंमल १८१८ साली आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशाचा पहिला कलेक्टर झाला आणि धुळ्याची नवी वसाहत त्याने पांझरेकाठी आखली. त्याच नदीने १८७२ साली मोठा पूर आणून शहराचे नुकसान केले. सरकारने जुने बंधारे मोडले नाहीत, काहींची डागडुजी केली. पाटबंधाऱ्यांच्या कायद्यात अशा गावकी कामांना ‘दुसऱ्या वर्गाची’ म्हणून जागा मिळाली. वर्ग दुसरा, पण रूढ हक्क कागदावर आले.

या काळातली एक घटना धुळेकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले आणि लवकरच त्यांची नेमणूक खानदेशात झाली. तिथे त्यांना पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती गावापाशी पाटाचे पाणी प्रवाहाच्या पलीकडे नेणारा नळाचा सायफन बांधायचा होता. सायफनचे तत्त्व असे: पाटाच्या वाटेत ओढा आडवा आला तर पाणी नळात घालून ओढ्याच्या तळाखालून न्यायचे. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली ठेवले की नळात शिरलेले पाणी दाबाने पलीकडे वर येते आणि पुन्हा पाटाला लागते. अवघड भाग बांधकामाच्या वेळेचा होता. पावसाळ्यात पात्रातला पाया रेतीने भरून जाई. आत्मचरित्रात त्यांनी सांगितले आहे की काम पाऊस सरेपर्यंत थांबवावे असे त्यांनी कळवले, वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि मग त्यांनी ते पुरे करून दाखवले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनीच नीरा कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. सलग तुकडे पाडायचे, त्यांत उसाला ठरावीक हिस्सा द्यायचा, बाकी हंगामी पिके घ्यायची आणि पाळी फिरवायची. फड पाहिलेल्या माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाही.

जळगावच्या बाजूला गोष्ट वेगळी घडली. गिरणेवर चाळीसगाव तालुक्यात जामद्याचा बंधारा आणि त्याचे डावे-उजवे कालवे सरकारने बांधले, सरकारनेच चालवले. तिथे शेतकरी पाण्याची मागणी करणारा झाला आणि पाणी देणारा खात्याचा माणूस. पुढे केळीच्या मळ्यांत विहिरी आल्या, मग कूपनलिका, मग ठिबक. ठिबकाने पाणी वाचते यात वाद नाही, पण ते पाणी एका शेताचे असते. एकाच खानदेशात पाण्याचे हे दोन इतिहास शेजारी शेजारी आहेत. तिसरा बऱ्हाणपूरचा. ते आज मध्य प्रदेशात असले तरी एके काळी खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे. तिथे अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५च्या सुमारास, सातपुड्याकडून येणारे भूजल जमिनीखालच्या बोगद्याने आणि शंभराहून अधिक कुंड्यांच्या रांगेने शहरात आणले. कुंडी भंडारा नावाचे हे काम अजून पाहता येते. फडाला तसे प्रेक्षक मिळाले नाहीत. एक तर तो शेतात पसरलेला, आणि पाणी सुटलेले नसेल तेव्हा तिथे पाहण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही.

फड विसकटले ते एका घावाने नव्हे. पिंपळनेरच्या वर लाटीपाडा, कान नदीवर मालनगाव अशी धरणे झाली. नदीचा आपसूक येणारा प्रवाह आवर्तनाने सुटू लागला आणि पाळीचा निर्णय गावाच्या हातून काही अंशी सुटला. त्याहून खोल बदल विहिरींनी केला. पाटाच्या मुरलेल्या पाण्याने फडातल्या विहिरींना पाणी लागते. वीजपंप आल्यावर त्याच पाण्यावर शेतकरी आपल्याला हवे ते पीक हवे तेव्हा घेऊ लागला. मग एका फडात एक पीक कशाला? ऊस कारखान्याकडे जाऊ लागला तशी उसाची ओढ वाढली, गव्हाच्या फडात उसाचे तुकडे दिसू लागले. वारसा-वाटण्यांत आणि खरेदी-विक्रीत जमिनीची जुनी मांडणी बिघडली. एखाद्याची सगळी जमीन एकाच फडात आली. त्याला फड पडीक ठेवा म्हणणे अन्यायच. पिंपळनेरजवळच्या सामोडे आणि आसपासच्या गावांत पाणी पाटाने देण्याची रीत उरली, पण जुन्या शिस्तीचा प्रत्येक धागा जागेवर राहिलेला नाही.

गंमत म्हणजे सरकारला त्याच काळात उलट बाजूने याच वाटेला यावे लागले. २००५ साली महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला: पाणीवापर संस्था, मोजून पाणी, वाटप संस्थेने करायचे. अभ्यासक फडाकडे वळले ते यासाठीच. फक्त कायद्यातली संस्था नोंदणीने जन्मते, आणि फडातली पिढ्यानपिढ्या एकाच पाटावर भांडून-समजून घेऊन घडलेली असते.

अशा गोष्टीचे जतन कसे करतात? स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात पाटांवरच्या शेतकऱ्यांचे पाणी-न्यायमंडळ आजही दर गुरुवारी दुपारी मोठ्या चर्चच्या दाराशी बसते. तोंडी सुनावणी होते आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. युनेस्कोने २००९ साली त्याची नोंद अमूर्त वारसा म्हणून केली. तिथे जपला गेला तो न्याय करण्याचा क्रम. बालीतल्या भातखाचरांच्या ‘सुबक’ नावाच्या पाणीव्यवस्थेला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो खाचरे, पाट आणि ते चालवणाऱ्या मंडळ्या या सगळ्यांना मिळून.

पांझरेसाठी हेच व्हावे असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. धुळ्यात एका दालनात पांझरेच्या खोऱ्याचा उठावाचा नकाशा हवा, बंधाऱ्यापासून सांडमापर्यंत सगळे दाखवणारी, पाणी सोडून चालवता येणारी प्रतिकृती हवी, म्हणजे शाळेतल्या मुलीला दार उघडून-मिटून पाळी लावता येईल. पंचांच्या जुन्या वह्या गावोगावच्या कपाटांत वाळवीच्या तोंडी आहेत; त्यांच्या प्रती काढल्या पाहिजेत. पाटकरी आणि बारेकरी म्हणून आयुष्य घालवलेल्यांचे बोलणे, त्यांच्या अहिराणीतच, ध्वनिमुद्रित करायला हवे. आणि दालनाच्या जोडीला एक तरी बंधारा, त्याचा पाट आणि एक फड जुन्या क्रमाने चालता राहिला पाहिजे, तिथल्या शेतकऱ्याचा पीक बदलण्याचा तोटा भरून देऊन.

तोपर्यंत पाहायला जायचे तर धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने कुसुंबे, नेर करत साक्रीकडे निघावे आणि पुढे पिंपळनेर-सामोड्यापर्यंत जावे. पाऊस संपल्यानंतरचे, रब्बीची पहिली पाळी सुरू असतानाचे दिवस निवडावेत. आधी बंधाऱ्यावर जाऊन पाट कोणत्या काठाने निघतो ते पाहावे आणि मग त्याच्या कडेने चालत राहावे. डाव्या-उजव्या हाताला शेत पाटाच्या खाली कधी जाऊ लागते, पहिली चारी कुठे फुटते, सांडम नदीकडे कुठे वळते, हे पाहत गेले की वरचे सगळे वर्णन पायाखाली दिसू लागते. वाटेत कोणी फावडे घेऊन पाण्याबरोबर चाललेला भेटला तर त्याला विचारावे, आज पाळी कोणाची आहे.